अंध विद्यार्थ्यांनी एम.ए.साठी पुण्याला जाण्याआधी: प्रमाणपत्र, प्रवेश, शिष्यवृत्ती, लेखनिक आणि राहण्याची सोय

पदवीचा निकाल हातात आला की मग पुण्याचं बघू, असं बहुतेक घरांत ठरतं. विद्यार्थी अंध किंवा अल्पदृष्टी असेल तर तोवर उशीर झालेला असतो. प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते परीक्षेत लिहून देणारा) यांतल्या प्रत्येक अर्जाला आधीचा एखादा कागद लागतो आणि तो कागद मिळवण्यात आठवडे जातात. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीतच कामाला लागावं, असा माझा आग्रह आहे. ही माहिती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती आणि लेखनिकाचा भाग राज्यात कुठेही शिकायला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी दिव्यांग प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे शिक्षणातल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. चष्मा लावून चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल (म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल) किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर कायद्याने ते अंधत्व. त्याहून थोडी बरी, पण ६/१८ पेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही पण दुसरा डोळा चांगला आहे, अशांना ३० टक्के मिळतात आणि ते या आरक्षणात बसत नाहीत. हे आधीच माहीत असलं तर पुढचा मनस्ताप टळतो.

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच दिलं जातं. सोबत येतं ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र. अर्जाला आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा लागतो. राहत्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार चालू आहेत ते रुग्णालय निवडायचं आणि बोलावतील त्या दिवशी तपासणीला जायचं. ऑक्टोबर २०२४ च्या नियमबदलानंतर प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची झाली आहे. दिवाळीचा आग्रह त्यासाठीच.

हातात जुनं, कागदावर हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर ते पोर्टलवर आणून घ्या. तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत प्रवेशाच्या महिन्यांत संपत नाही ना, ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

नावाकडे फार बारकाईने बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेक वेळा शेवटी. हा फरक सहसा चालतो. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर मात्र शिष्यवृत्तीचा अर्ज पडताळणीत अडकतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधार, यूडीआयडी आणि बँक खातं तिच्याप्रमाणे करून घ्यावं. दुरुस्ती करायची तर आधारपासून सुरू करा, कारण बाकी दोन्ही त्यावर चालतात. डोळ्यांच्या बाहुल्यांचं स्कॅन होत नाही म्हणून आधार केंद्रावर अडवलं, तर बायोमेट्रिक अपवाद नोंदवून आधार देण्याची तरतूद आहे, हे तिथे शांतपणे सांगा.

प्रवेश अर्ज

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी आहेत आणि वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट आहे, कलम ३२ प्रमाणे. हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे विद्यार्थी इतर मागासवर्गीय असेल आणि अंधही असेल, तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि दिव्यांग प्रमाणपत्र ही तिन्ही जोडावीत. एक रकाना भरला म्हणून दुसरा सोडू नये.

बाकी कागद नेहमीचेच: दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र. स्कॅन करताना प्रत्येक फाइलला नाव द्या: ‘दहावी गुणपत्रिका’, ‘यूडीआयडी’, ‘अधिवास’. नुसते आकडे असलेल्या फायलींतून योग्य ती फाइल स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) शोधणं फार त्रासाचं जातं आणि मग अर्ज दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. स्वतःचा अर्ज स्वतः भरता आला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. प्रवेश परीक्षेला लेखनिक हवा असेल तर तो रकाना अर्ज भरतानाच भरायचा असतो. नंतर विनंती करून ती सोय मिळवणं कठीण जातं.

शिष्यवृत्ती

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत. अट ४० टक्के दिव्यांगत्वाची आणि आईवडिलांच्या वार्षिक उत्पन्नाची; ते अडीच लाखांपर्यंत असावं लागतं. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरही दिव्यांगांसाठी मॅट्रिकोत्तर योजना आहे. एकाच वर्षी दोन्हींचा लाभ घेता येत नाही, तेव्हा दोन्हीच्या अटी वाचून एक निवडा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ झालंय का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. खात्याला आधार नंबर नुसता नोंदवलेला असणं त्यासाठी पुरेसं नसतं.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम कार्ड किंवा लॉकर नाकारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८ चं परिपत्रक आहे. ‘वडिलांसोबत संयुक्त खातं काढा’ असं सुचवलं गेलं तर या परिपत्रकाचा उल्लेख करा. परगावी एकट्याने राहायचं तर खातं एकट्याच्या नावावर असणं गरजेचं आहे.

राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करताना मोबाइलसमोर चेहरा धरून ओळख पटवावी लागते. चेहरा चौकटीत आहे की नाही हे न दिसणाऱ्याला कसं कळणार? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच अडचणींवर निकाल दिला. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगून ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, दिव्यांगांना जमेल अशी करण्याचे निर्देश दिले. प्रत्यक्षात सगळ्या ठिकाणी बदल व्हायला वेळ लागेल. तोवर भिंतीला पाठ टेकवून, उजेड समोरून येईल असं बसून, शेजारी एका माणसाला ‘डावीकडे, वर’ असं सांगायला बसवणं हा उपाय कामाला येतो. अडकलात तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

लेखनिक आणि परीक्षा

केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. अंध उमेदवाराने मागितल्यास लेखनिक द्यावाच लागतो. लेखनिक स्वतः आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांकडून घ्यायचा, हे उमेदवाराने ठरवायचं असतं. स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने एक पायरी खाली असावा लागतो, म्हणजे एम.ए.च्या विद्यार्थ्यासाठी पदवीला शिकणारा मुलगा किंवा मुलगी चालते. याच सूचनांत ब्रेलमध्ये किंवा संगणकावर उत्तरं लिहिण्याचाही पर्याय आहे. स्पर्धा आणि प्रवेश परीक्षांसाठीचे लेखनिकाचे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच अर्ज करा.

पुण्यात आल्यावरची खरी कसोटी अंतर्गत परीक्षांची असते. सत्र परीक्षेची तारीख महिनाभर आधी कळते, अंतर्गत चाचणी मात्र ‘पुढच्या बुधवारी’ असते. एकाच लेखनिकावर विसंबून राहिलात तर त्याची स्वतःची परीक्षा त्याच दिवशी येते. तीन-चार जणांशी ओळख ठेवा. लेखनिक मराठीतून शिकलेला हवा. अक्षर चांगलं असूनही शुद्धलेखन कच्चं असेल तर गुण विद्यार्थ्याचे जातात. परीक्षेआधी एकदा तरी त्याच्यासोबत तासभर सांगण्या-लिहिण्याचा सराव करा. ज्यांना टायपिंग येतं त्यांनी संगणकाचा पर्याय जरूर मागावा. स्वतः लिहिलेलं उत्तर स्वतःच तपासता येतं, हा त्याचा मोठा फायदा आहे.

पुस्तकं

या भागाला घरचे सहसा कमी महत्त्व देतात, पण शिक्षण अडतं ते इथेच. प्रवेश निश्चित झाला की त्याच आठवड्यात विभागप्रमुखांना ई-मेल करून पहिल्या सत्राची वाचनयादी मागा. मराठीतले बरेच अभ्याससाहित्य अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतं. ते पडद्यावर मराठी दिसतं, पण स्क्रीन रीडरला तिथे अर्थहीन अक्षरं सापडतात. म्हणून मागताना ‘युनिकोडमधली फाइल’ असंच लिहा. पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो काढून केलेली पीडीएफही वाचता येत नाही. तिच्यातून आधी मजकूर वेगळा काढून घ्यावा लागतो.

असं रूपांतर बेकायदा नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून घ्यायला परवानगी दिली आहे. ग्रंथपाल कचरले तर हे सांगा. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात प्रमाणपत्राच्या आधारे सभासद होता येतं. पुण्यात विद्यानगरची निवांत अंध मुक्त विकासालय ही संस्था कॉलेजात शिकणाऱ्या अंध मुलांसाठीच काम करते. पुण्यात येण्याआधीच तिथे फोन करून ठेवा. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर चालतो आणि तो मराठीही वाचतो. महागड्या सॉफ्टवेअरसाठी थांबून राहू नका.

राहणं आणि रस्ते

वसतिगृहाच्या अर्जाला यूडीआयडीची प्रत जोडून वेगळं पत्र द्या. त्यात काय हवं ते नेमकं लिहा. तळमजल्याचीच खोली मागावी असं नाही. जिन्याजवळची आणि दोन्ही वर्षं तीच राहील अशी खोली जास्त सोयीची. विभागात समान संधी कक्ष असेल तर त्याच पत्राची प्रत तिथेही द्या.

वर्ग सुरू होण्याआधी निदान आठवडाभर पुण्यात येऊन राहा. विद्यापीठाचा परिसर ४०० एकरांहून मोठा आहे, झाडीचा आणि वळणांचा. वसतिगृह ते विभाग, विभाग ते जयकर ग्रंथालय, खोली ते मेस आणि फाटक ते बसथांबा हे चार रस्ते पांढरी काठी घेऊन पाठ करा, आधी सोबत्याबरोबर आणि नंतर एकट्याने. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला आणि पुढे नव्या पुलाच्या व मेट्रोच्या कामांमुळे तिथल्या वाटा पुन्हापुन्हा बदलल्या. त्यामुळे सीनियरने सांगितलेला रस्ता आधी स्वतः चालून बघा. काठी कधी धरलीच नसेल तर मोबिलिटीचं, म्हणजे काठीने एकट्याने फिरण्याचं, प्रशिक्षण गावी असतानाच घ्या.

प्रवासखर्चात मोठी सवलत आहे. एसटीत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना ७५ टक्के सूट मिळते. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. रेल्वेची सवलत फक्त पूर्ण अंधांना आहे, अल्पदृष्टीला नाही. स्लीपर आणि तृतीय वातानुकूलितला ती ७५ टक्के असून सोबत्यालाही तितकीच मिळते. तिच्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

नकार मिळाला तर

तोंडी नकार ऐकून परत फिरू नका. लेखी उत्तर मागा. ते न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते आणि त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. आयुक्तांनी शिफारस केली की त्यावर काय केलं, हे संबंधित संस्थेला तीन महिन्यांत कळवावं लागतं. तक्रारीसोबत प्रमाणपत्राची प्रत, पाठवलेले ई-मेल आणि पोच असलेली पत्रं तारखेच्या क्रमाने जोडा.