पार्श्वभूमी : आयफोनची अपडेट्स, दमलेली बॅटरी आणि बंद केलेला परतीचा रस्ता

आयफोनवर नवं अपडेट आलं की एक जण ‘लगेच टाक’ म्हणतो आणि दुसरा ‘थांब, फोन स्लो होईल’. दुसऱ्याची भीती अंधश्रद्धा म्हणून उडवून लावता येत नाही. तिच्यामागे तारीखवार पुरावा आहे.

सुरुवातीची चार वर्षं अपडेट म्हणजे केबल, संगणक आणि आयट्यून्स हे अॅपलचं संगणकावरचं सॉफ्टवेअर. थेट फोनवर अपडेट उतरवण्याची सोय ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी प्रणाली) पासून झाली. त्याआधीच, २००९ च्या आयफोन थ्रीजीएसपासून, अॅपलने सहीची पद्धत आणली होती. आयओएस बसवताना फोन आपल्या चिपचा क्रमांक कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हर त्या फोनपुरती आणि त्या आवृत्तीपुरती डिजिटल सही देतो. सही नाही तर इन्स्टॉलेशन नाही. नवी आवृत्ती आली की साधारण एक-दोन आठवड्यांत जुनीवर सही देणं थांबतं. मग जुनी फाइल संगणकावर जपून ठेवलेली असली तरी उपयोग शून्य. चोराने किंवा हेराने सुरक्षेची भोकं असलेली जुनी आवृत्ती परत चढवू नये म्हणून हे ठीकच. पण भोकं बुजवणारा पॅच, नवे इमोजी आणि प्रोसेसरचा वेग ठरवणारा कोड एकाच गाठोड्यात येतात, आणि गाठोडं एकदा घेतलं की परत देता येत नाही. पुढची बहुतेक भांडणं इथूनच निघाली.

सप्टेंबर २०१४ मधलं आयओएस ८.०.१ हे त्यातलं छोटं प्रकरण. आयफोन ६ आणि ६ प्लसवर नेटवर्क गेलं, बोटाचा ठसा चालेना. अपडेट त्याच दिवशी मागे घेतलं गेलं आणि ८.० वर परत कसं जायचं हे कंपनीलाच सांगावं लागलं.

मोठं प्रकरण बॅटरीचं. २०१६ च्या अखेरीस आयफोन ६ आणि ६एस चार्ज शिल्लक दिसत असताना अचानक बंद पडू लागले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेल्या काही ६एससाठी बॅटरी फुकट बदलून देण्याची योजना निघाली, पण तक्रारी तेवढ्यापुरत्या नव्हत्या. कारण साधं आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, थंडी पडली किंवा चार्ज उतरला की तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला, गेम सुरू झाला की फोन क्षणभर जास्त करंट ओढतो आणि तेवढ्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. ते किमान पातळीखाली गेलं की पॉवरची चिप सर्किट वाचवायला फोन बंद करते. म्हणजे ऊर्जा शिल्लक असते, पण हवी तेव्हा हवी तेवढ्या जोराने मिळत नाही.

उपाय दोनच: नवी बॅटरी, नाहीतर प्रोसेसरची भूक कमी करणं. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये दुसरा उपाय घातला गेला, तोही मुकाट्याने. अपडेटच्या माहितीत बग दुरुस्त्या आणि सुरक्षा एवढंच होतं. महिनाभराने कंपनीने सांगितलं की अचानक बंद पडणं ६एसमध्ये ८० टक्क्यांहून आणि ६ मध्ये ७० टक्क्यांहून जास्त घटलं. कशामुळे, ते सांगितलं नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये एका वापरकर्त्याने ६एसची बॅटरी बदलण्याआधी आणि नंतर वेग मोजला. प्रोसेसरच्या एका कोअरचा (गणित करणाऱ्या एका भागाचा) वेगाचा गुणांक १४६६ वरून २५२६ वर गेला. पाठोपाठ वेग मोजणाऱ्या अॅपच्या निर्मात्याने आलेख मांडले: एकाच मॉडेलच्या गुणांकांना एक शिखर असायला हवं, तिथे १०.२.१ नंतर अनेक शिखरं दिसत होती, म्हणजे तेच मॉडेल वेगवेगळ्या वेगांवर अडवलं जात होतं. २० डिसेंबरला अॅपलची कबुली आली, २८ ला माफी. वॉरंटीबाहेरच्या बॅटरीचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला गेला.

‘नवा फोन खपवायला जुना मुद्दाम मंद केला’ ही मथळ्यांतली मांडणी मात्र अर्धवट आहे. वेग बॅटरीच्या अवस्थेवर कमी व्हायचा, फोनच्या वयावर नाही. त्याच जुन्या फोनमध्ये नवी बॅटरी टाकली की तो पुन्हा पळायचा. तांत्रिक निर्णय योग्यच होता. लपवणं अयोग्य होतं, कारण बॅटरीच्या पैशांत काम झालं असतं तिथे लोकांनी नवे फोन घेतले. इटलीतल्या नियामकाने २०१८ मध्ये १ कोटी युरोंचा दंड केला, फ्रान्समधल्याने २०२० मध्ये अडीच कोटींचा. फ्रेंच आक्षेपात न सांगण्याच्या जोडीला मागे न जाता येण्याचाही उल्लेख होता. अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ पासून सेटिंग्ज–बॅटरी–बॅटरी हेल्थमध्ये बॅटरीची किती क्षमता उरली त्याची टक्केवारी दिसते. त्या जुन्या मॉडेल्सवर वेगावरचा लगाम तेव्हापासून फोन एकदा अचानक बंद पडल्यावरच लागतो. तो ‘डिसेबल’ करता येतो, पण आपल्या हाताने पुन्हा चालू करता येत नाही. पुढच्या वेळी फोन बंद पडला की आपोआप लागतो. तिथे बोट लावण्याआधी हे माहीत हवं. आयफोन एक्सएस-एक्सआरपासून बाहेरच्या दुकानात बॅटरी बदलली की काही वर्षं टक्केवारीऐवजी ‘बॅटरी ओळखता येत नाही’ अशा अर्थाची सूचना यायची. म्हणून काही कारागीर जुन्या बॅटरीची ओळख सांगणारी सर्किट-पट्टी काढून नव्या सेलला स्पॉट-वेल्ड करू लागले, म्हणजे विजेच्या झटक्याने जोडू लागले. वेल्ड कच्चं राहिलं की फोन पुन्हा अचानक बंद पडायला लागतो.

या काळात ‘लगेच टाक’ म्हणणाऱ्याची बाजूही भक्कम होत गेली. ऑगस्ट २०१६ चं ९.३.५, सप्टेंबर २०२१ चं १४.८ आणि सप्टेंबर २०२३ चं १६.६.१ ही तिन्ही अपडेट्स हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने वापरलेली भोकं बुजवायला निघाली. शेवटच्या दोन्हींतल्या हल्ल्यांना मालकाने कुठे टॅप करण्याचीही गरज नव्हती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस भारतातल्या काही विरोधी खासदारांना आणि पत्रकारांना सरकारपुरस्कृत हल्ल्याचे अॅपलचे इशारे फोनवर आले, त्यात महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या एक खासदारही होत्या.

गाठोडं सोडवण्याचे प्रयत्नही झाले. २०२१ मध्ये आयओएस १५ आल्यावर १४ वरच राहून फक्त सुरक्षेचे पॅच घ्यायची मुभा जाहीर झाली. १४.८.१ नंतर ती थांबली आणि जानेवारी २०२२ मध्ये कळलं की ती तात्पुरतीच होती. मे २०२३ पासून सुरक्षेचे छोटे, वेगळे पॅच येऊ लागले. जुलैमधल्या १६.५.१ (ए) मुळे सफारी हे फोनमधलं ब्राउझर संकेतस्थळांना स्वतःची ओळख सांगताना ती कंसातली खूणही सांगू लागलं, काही मोठ्या संकेतस्थळांना ती ओळख पटेना आणि पाने उघडेनात. पॅच मागे घेऊन दोन दिवसांत (सी) आणावा लागला. पण या प्रकारच्या पॅचला सेटिंग्ज–जनरल–अबाउटमध्ये आवृत्तीच्या नावावर टॅप केल्यावर ‘रिमूव्ह’चं बटण होतं. पॅच गेला तरी खालचं आयओएस जागेवर राहायचं, आणि त्यासाठी संगणक लागत नव्हता.