महासाथीतील संधिसाधू संसर्गांचे लांबलेले निदान

प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाचा संधिसाधू (त्या दुबळेपणाचा फायदा घेणारा) संसर्ग महासाथीच्या आजारासारखाच दिसल्यामुळे, किंवा तपासणीची यंत्रणा साथीत गुंतल्यामुळे, उशिरा ओळखला जाणे. कोविड-१९ मध्ये हे ठळकपणे दिसले. क्षय हा एचआयव्हीबाधितांतील असाच एक संसर्ग. जगभरात नव्याने निदान होऊन नोंदले गेलेले क्षयरुग्ण २०१९ मध्ये ७१ लाख होते. २०२० मध्ये ते ५८ लाखांवर आले. रोग ओसरला नव्हता, रुग्ण तपासणीपर्यंत पोचत नव्हते.

सर्वांत फसवा ठरतो न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, म्हणजे न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा फुप्फुसदाह. ताप, कोरडा खोकला, चालताच घसरणारा ऑक्सिजन, सीटी स्कॅनवर दोन्ही फुप्फुसांत ग्राउंड-ग्लास (धुरकट काचेसारखी) छाया, रक्तात कमी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) : कोविडचे चित्रही हेच. वेगळेपण असते ते कालक्रमात. कोविडचा रुग्ण बहुधा आठवडा-दीड आठवड्यात खालावतो. एचआयव्हीबाधितातील न्यूमोसिस्टिस कित्येक आठवडे हळूहळू चढत जातो. (प्रत्यारोपण किंवा कर्करोगाच्या रुग्णांत तो झपाट्याने वाढतो, तेथे ही खूण चालत नाही.) घटलेले वजन, तोंडातील पांढरी बुरशी किंवा पूर्वीची नागीण आढळली, तर एचआयव्ही चाचणी त्याच दिवशी करावी.

चूक दोन्ही बाजूंनी होते. स्वॅब निगेटिव्ह आला की दुसरा, तिसरा स्वॅब घेतला जातो. पॉझिटिव्ह आला की शोधच थांबतो. दोन्ही आजार एकत्र असू शकतात. सीडी४ (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या लिम्फोसाइट) पेशींची संख्याही दिशाभूल करते, कारण तीव्र कोविडमध्ये ती मुळातच घसरते. अशा वेळी सीडी४ची टक्केवारी (एकूण लिम्फोसाइटमधील वाटा) अधिक भरवशाची.

स्टेरॉइडमुळे गुंता वाढतो. कोविडसाठीचे रोज ६ मिग्रॅ डेक्सामेथासोन हे सुमारे ४० मिग्रॅ प्रेडनिसोलोनइतके भरते. तेवढ्याने न्यूमोसिस्टिसचा दाहही तात्पुरता उतरू शकतो, ऑक्सिजन सुधारतो आणि कोविडच होता असा समज पक्का होतो.

विषाणूयुक्त तुषार हवेत उडण्याच्या भीतीने ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून नमुना घेणे) पुढे ढकलली जाते, आणि खाऱ्या पाण्याचा फवारा देऊन थुंकी काढण्यातही तोच धोका असतो. तोवर रक्तातील बीटा-डी-ग्लुकन (अनेक बुरशींच्या पेशीभित्तिकेतील घटक) तपासता येते. एचआयव्हीबाधितात ते निगेटिव्ह असेल तर न्यूमोसिस्टिसची शक्यता बरीच कमी होते. संशय दाट असल्यास नमुन्यासाठी उपचार अडवू नयेत : उपचारानंतरही जंतू काही दिवस नमुन्यात सापडतात. मूत्रपिंड ठीक असल्यास कोट्रायमोक्साझोल (ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथोक्साझोल यांचे मिश्रण), ट्रायमेथोप्रिमच्या हिशेबाने दर किलोस रोज १५ ते २० मिग्रॅ, विभागून २१ दिवस देतात.

क्रिप्टोकॉकल मेंदूज्वराची (क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणाऱ्या) डोकेदुखी तापाच्या खात्यावर टाकली जाते, वास्तविक रक्तात या बुरशीचा अंश (प्रतिजन) शोधणाऱ्या पट्टीचा निकाल दहा-एक मिनिटांत मिळतो. म्युकरमायकोसिस या 'काळ्या बुरशी'च्या आजारात, ज्याचा उद्रेक भारतात २०२१ मध्ये झाला, एका बाजूचा चेहरा दुखणे, दात हलणे किंवा दुहेरी दिसणे एवढ्यावरच नाकाची एंडोस्कोपी करून ऊतीचा नमुना घ्यावा. काळी खपली येईपर्यंत थांबणे महागात पडते. येथे बीटा-डी-ग्लुकनवर विसंबू नये, ही बुरशी त्यात पकडली जात नाही.