लाइव्ह प्रॉक्टरिंग आणि ऑटो प्रॉक्टरिंग: कॅमेऱ्यापलीकडे कोण असतं?

‘परीक्षा घरून देता येईल, वेबकॅम सुरू ठेवणे बंधनकारक’ असं परिपत्रक निघालं की विद्यार्थ्यांना वाटतं, पलीकडे कुणीतरी आपल्याकडे बघत बसलंय. अनेक प्राध्यापकांचाही तसाच समज असतो. काही परीक्षांत ते खरं असतं. पण बऱ्याच परीक्षांत त्या वेळी पलीकडे माणूसच नसतो, फक्त रेकॉर्डिंग चालू असतं. दोन्हींना आपण सरसकट ‘प्रॉक्टर्ड’, म्हणजे पर्यवेक्षणाखालची, परीक्षा म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

लाइव्ह प्रॉक्टरिंगमध्ये पर्यवेक्षक खरोखर हजर असतो, फक्त दूर असतो. त्याच्या स्क्रीनवर एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांच्या चौकटी दिसतात. तो ओळखपत्र तपासतो, टेबल दाखवायला सांगतो, शंका आली तर चॅटवर विचारतो. ‘खाली काय बघताय?’ या प्रश्नाला ‘कच्चं काम करतोय’ असं उत्तर मिळालं, कागद कॅमेऱ्यासमोर धरला, की विषय मिटतो. नेट गेलं तर परत आत घ्यायचं का, वेळ वाढवून द्यायचा का, हे ठरवायला कुणीतरी जागेवर असतं. अडचण आहे ती माणसांची. विद्यार्थी वाढले की पर्यवेक्षकही वाढवावे लागतात, वेळा वाटून द्याव्या लागतात, आणि खर्च त्याच प्रमाणात चढत जातो.

ऑटो प्रॉक्टरिंगमध्ये सॉफ्टवेअर चेहरा, आवाज आणि स्क्रीन रेकॉर्ड करतं आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की तिथे खूण करतं. चेहरा चौकटीबाहेर गेला, दुसरा चेहरा दिसला, नजर वारंवार वळली, कुणाचा आवाज आला की फ्लॅग पडतो. फ्लॅग म्हणजे ‘इथे एकदा बघा’ एवढंच. कॉपी झाली की नाही, हे त्यावरून ठरत नाही. प्रश्न पुटपुटत वाचणारा, खोलीत लहान भाऊ डोकावलेला, मंद उजेडात बसलेला, शरीराच्या हालचालींवर ताबा नसलेला, असे सगळे त्यात सापडू शकतात. चेहरा ओळखण्याच्या काही प्रणाली गडद त्वचेच्या माणसांच्या बाबतीत जास्त चुकतात, हेही वारंवार दिसून आलं आहे.

इथे थोडं गणित करून बघायला हवं. समजा १००० जण परीक्षेला बसले आणि त्यांतल्या २० जणांनी कॉपी केली. सॉफ्टवेअर इतकं चांगलं धरू, की कॉपी करणाऱ्यांपैकी ८० टक्के पकडतं आणि प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून खूण करतं. मग १६ खरे सापडतील आणि त्यांच्यासोबत ४९ निरपराध. एकूण ६५ नावं, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश जणांनी काहीच केलेलं नाही. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग १० मिनिटं तपासलं तरी जवळजवळ ११ तास लागतात. हे काम कुणाच्या वेळापत्रकात धरलेलं आहे?

प्रत्यक्षात तर आकडे याहून वाईट आले आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी ३० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांतल्या ६ जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलं होतं. प्रॉक्टोरिओ या सॉफ्टवेअरने सहापैकी एकावरही खूण केली नाही. नंतर माणसाने वेगळी तपासणी केली तेव्हा एक सापडला. प्रयोग छोटा होता, हे खरं. पण माणसाची नजरही फार पुढे गेली नाही, ही त्यातली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लाइव्ह प्रॉक्टरिंगचं खरं बळ पकडण्यात नाही, त्याच क्षणी विचारता येण्यात आहे. २०२१ मध्ये प्रॉक्टरयू या कंपनीने केवळ सॉफ्टवेअरवर चालणारी सेवा विकणं थांबवलं. खुणा पडतात, पण संस्थांकडून त्या पुरेशा तपासल्या जात नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

लॉकडाउन ब्राउझर हा तिसराच प्रकार. तो परीक्षेव्यतिरिक्तच्या खिडक्या बंद करतो. शेजारी ठेवलेला फोन त्याला दिसत नाही.

खासगीपणाचा प्रश्न मात्र लाइव्ह आणि ऑटो दोन्हीकडे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधल्या फेडरल न्यायालयाने एका सरकारी विद्यापीठाच्या खटल्यात सांगितलं, की परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्यातून तपासणं ही अमेरिकी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या, म्हणजे अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीच्या, विरोधातली झडती ठरते. फरक इतकाच, की ऑटोमध्ये सगळं साठवलं जातंच. लाइव्हमध्ये ते साठवायचं की नाही, हे निदान ठरवता येतं.

म्हणून निविदा काढण्याआधी परीक्षा विभागाने स्वतःला विचारावं: खूण पडल्यावर पहिला माणूस कोण बघणार, किती दिवसांत, आणि तोवर निकाल रोखणार का? विद्यार्थ्याला स्वतःचं रेकॉर्डिंग बघून बाजू मांडता येईल का? ज्याच्याकडे कॅमेरा, स्वतंत्र खोली किंवा धड नेट नाही, त्याने परीक्षा कुठे द्यायची? उत्तरं तयार असतील तर ती त्याच परिपत्रकात छापावीत, आणि परीक्षा चालू असताना पलीकडे माणूस असेल की नसेल, हे पहिल्याच ओळीत लिहावं.