परवस्तू गिळणे (दंतोपचारातील) : कोकण किनारपट्टी

दातांवर उपचार चालू असताना उपकरणाचा सुटा भाग, कॅप, कवळीचा तुकडा, ठशाचे साहित्य किंवा नुकताच काढलेला दात रुग्णाच्या घशाखाली उतरणे, ही दंतचिकित्सेतील एक ज्ञात गुंतागुंत आहे. वस्तू अन्ननलिकेवाटे जठरात जाणे हा प्रकार अधिक आढळतो. श्वासनलिकेत शिरणे विरळ, पण त्याहून गंभीर असते. उपचारांनंतर सैल झालेली कॅप किंवा कवळी घरी जेवताना वा झोपेत गिळली जाते, त्या घटनाही येथे विचारात घेतल्या आहेत.

गिळल्या जाणाऱ्या वस्तूंत कॅप व ब्रिज (शेजारच्या दातांवर आधारलेले कृत्रिम दात) बसवून पाहताना निसटणे नेहमीचे. त्याखालोखाल रूट कॅनालच्या फाइली (दाताच्या मुळातील पोकळी साफ करणाऱ्या बारीक टोकदार सुया; लांबी २१, २५ किंवा ३१ मिमी), बर (दात कोरणारे फिरते टोक), रोपित दाताच्या (इम्प्लांट) स्क्रूची छोटी किल्ली, वाकडे दात सरळ करण्याच्या तारांचे तुकडे व कापसाचे बोळे यांची नोंद होते. लाळेने निसरडी झालेली बोटे, दाढांच्या मागील अपुरी जागा आणि सुन्न केल्यामुळे मंदावलेली घशाची प्रतिक्रिया ही कारणे सहसा एकत्रच येतात. लहान मुले, वृद्ध, पक्षाघात किंवा कंपवाताचे रुग्ण आणि मद्यपान करून आलेले रुग्ण यांच्यात धोका अधिक.

रबर डॅम. प्रतिबंधक साधनांत याचे स्थान पहिले. छिद्र पाडलेला रबराचा पातळ पडदा दातावर चढवून तो दात उर्वरित तोंडापासून वेगळा करतात. त्याचे श्रेय न्यूयॉर्कचा दंतवैद्य सॅनफर्ड क्रिस्टी बार्नम याला दिले जाते. वर्ष १८६४ याबद्दल फारसा मतभेद नाही. काही लेखक १५ मार्च हा दिनांकही देतात, मात्र तो एकमेकांच्या आधाराने पुढे आलेला असावा. खालच्या दाढेभोवती सतत साचणाऱ्या लाळेला वैतागून बार्नमने रुग्णाच्या गळ्याभोवतीच्या मेणकापडालाच छिद्र पाडून ते दाढेवर बसवले आणि मग रबराकडे वळला, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी चार्ल्स गुडइयरच्या रबर दृढीकरणाच्या (व्हल्कनायझेशन) शोधानंतरच (पेटंट १८४४) असा लवचिक पडदा शक्य झाला, हे नक्की. बार्नमचा हेतू दात कोरडा ठेवण्याचा होता. घशाचे रक्षण हा लाभ पुढे लक्षात आला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पडदा दातावर रोखून धरणारे धातूचे क्लॅम्प १८८० च्या दशकात प्रचारात आले आणि ते स्वतःच उडून घशात जाऊ शकतात हेही कळले. म्हणून क्लॅम्पला मजबूत दोरा बांधून त्याचे टोक तोंडाबाहेर ठेवतात. हीच पद्धत फाइली व स्क्रूच्या किल्लीसाठीही वापरतात. भारतात सर्वसाधारण व्यवसायात डॅमचा वापर कमी आहे. वेळ, खर्च व रुग्णाची नापसंती ही कारणे पुढे केली जातात. पैकी वेळेचे कारण सरावानंतर टिकत नाही.

रुग्णाची स्थिती. एकोणिसाव्या शतकात रुग्ण जवळजवळ बसलेला असे व दंतवैद्य उभा राहून काम करी. १९५८ च्या सुमारास पूर्ण मागे झुकणारी खुर्ची आली व आडव्या रुग्णावर बसून काम करण्याची रीत रुळली. तीमुळे निसटलेली वस्तू थेट घशाकडे घरंगळते, असा एक पक्ष आहे. आडव्या स्थितीत जीभ व मृदू टाळू मागची वाट काहीशी बंद करतात, असे दुसरा पक्ष म्हणतो. कॅप बसवून पाहण्यापुरती तरी खुर्ची उभी करावी व घशापुढे गॉजचा पडदा ठेवावा, हा सल्ला दोन्ही मतांशी जुळतो.

शरीरातील मार्ग. अन्ननलिका तीन ठिकाणी अरुंद असते. समोरच्या दातांपासून ही स्थाने सुमारे १५, २५ व ४० सेंमी अंतरावर येतात. वस्तू अडकते ती बहुधा पहिल्या ठिकाणी. जठरापर्यंत पोचलेल्या वस्तूंपैकी बहुतेक काही दिवसांत शौचावाटे निघून जातात. गिळलेल्या सर्व प्रकारच्या वस्तूंचा एकत्र विचार केल्यास ८० ते ९० टक्के आपोआप बाहेर पडतात, १० ते २० टक्के दुर्बिणीतून काढाव्या लागतात व शस्त्रक्रिया सुमारे १ टक्क्यात लागते, असे पाठ्यग्रंथांत दिलेले असते. हे आकडे नाणी, हाडे, खेळणी अशा सर्व वस्तूंचे आहेत. टोकदार फाइलीला ते जसेच्या तसे लावू नयेत. ६ सेंमीपेक्षा लांब किंवा २.५ सेंमीपेक्षा रुंद वस्तू जठर व ग्रहणी (लहान आतड्याचा पहिला भाग) यांपुढे सहसा जात नाही. श्वसनमार्गात गेलेली वस्तू बहुधा उजव्या बाजूला सापडते, कारण उजवी श्वासनळी (श्वासनलिकेची उजव्या फुप्फुसात जाणारी शाखा) अधिक रुंद व अधिक उभी असते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्टाफ किलियान या वैद्याने १८९७ मध्ये एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनळीतून डुकराचे हाड नळीद्वारे काढले, तेव्हापासून श्वासमार्गाच्या दुर्बीण-तपासणीचा इतिहास मोजतात. अमेरिकी शल्यविशारद शेव्हलिअर जॅक्सन (१८६५–१९५८) याने काढलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. वाकणारी तंतुकाचेची दुर्बीण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली.

कवळी व माशाचा काटा. किनारपट्टीवर हा विषय कवळीपाशी वेगळे वळण घेतो. वरची पूर्ण कवळी टाळू झाकते, त्यामुळे घासातला बारीक काटा टाळूला जाणवत नाही व न चावता घशात जातो. पेडवे, तारली, पाला अशी काटेरी मासळी रोजच्या जेवणात असलेल्या प्रदेशात कवळी बसवताना ही सूचना रुग्णाला द्यावयास हवी. ती क्वचितच दिली जाते. घशात काटा अडकला की उकड्या तांदळाच्या कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे न चावता गिळायचे, हा घरोघरचा उपाय. बारीक काट्यावर तो कधी लागू पडतो. मोठा काटा त्याने आणखी खोल रुतू शकतो. कॅप गिळल्यावरही हाच उपाय केला जातो. कॅप जठरात पोचली असेल तर केळ्याने अपाय होत नाही. पण तारेचा आकडा असलेली अर्धी कवळी अन्ननलिकेत अडकली असता वरून घास ढकलणे घातक ठरते. अशा वेळी तोंडाने काहीही देऊ नये.

एक-दोन दातांच्या छोट्या कवळ्या सर्वांत त्रासदायक. त्यांचे मुख्य द्रव्य ॲक्रिलिक, ते १९३७ नंतर जुन्या दृढीकृत रबराच्या जागी आले. ॲक्रिलिक क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे ‘फोटो’त काहीच दिसत नाही, फार तर तारेची रेघ उमटते. फोटो स्वच्छ आला म्हणून कवळी पोटात नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. गिळताना दुखत असेल किंवा लाळ गळत असेल तर दुर्बीण घालून पाहावेच लागते. भारतात नोंदणीविना दंतव्यवसाय करण्यास १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने बंदी घातली, तरी अशिक्षित हातांनी तार बांधून बसवलेले दात अजून दिसतात. ते सैल होऊन गिळले जाण्याचा धोका उघड आहे.

व्यवस्थापन. वस्तू घशात दिसत असेल तर रुग्णाला उठवून न बसवता कुशीवर वळवून डोके खाली ठेवावे व ती चिमट्याने वा शोषकनळीने काढावी. ठसका लागला असल्यास खोकू द्यावे. वस्तू दिसेनाशी झाली की रुग्ण कितीही बरा वाटत असला तरी छाती व पोटाचे क्ष-किरण चित्र काढणे आवश्यक. ‘गिळली गेली, निघून जाईल’ हे अनुमान श्वासनळीतील वस्तूच्या बाबतीत आठवड्यांनंतर न्यूमोनिया होऊन खोटे ठरते. अन्ननलिकेत अडकलेली टोकदार वस्तू तातडीने, बोथट वस्तू २४ तासांच्या आत काढतात. जठरातील फाइल दुर्बिणीच्या टप्प्यात असेपर्यंत काढून टाकणे श्रेयस्कर. ती पुढे गेल्यास रोज चित्र घेतात व सलग ३ दिवस ती जागची हलली नाही तर शल्यचिकित्सकाचा सल्ला घेतात. रेचक किंवा वांतीकारक औषध देऊ नये.

येथे अंतराचा प्रश्न येतो. साधे चित्र तालुक्याच्या गावी निघते. दुर्बीण व भूल यांची एकत्र सोय मोजक्या ठिकाणी असते. सिंधुदुर्गातील रुग्ण बहुधा गोव्यात बांबोळीला (तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) नेतात, रत्नागिरीकडचे आंबा घाटाने कोल्हापूरला किंवा कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला जातात. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळसारखी जंगलजेटीची (वाहने नेणाऱ्या फेरीबोटीची) फेरी रात्री बंद झाली की खाडी वळसा घालून ओलांडावी लागते. त्यामुळे टोकदार वस्तूच्या बाबतीत ‘सकाळपर्यंत पाहू’ हा निर्णय येथे शहरापेक्षा महाग पडू शकतो. रुग्णाला पाठवताना चिठ्ठीत वेळ, वस्तूचे नाव व माप लिहावे आणि त्याच मापाची दुसरी फाइल किंवा कॅप सोबत द्यावी. चित्रातील सावली ओळखण्यास व दुर्बिणीतून पकडण्यासाठी योग्य चिमटा निवडण्यास तिचा उपयोग होतो.