हृदयविकाराचे जोखीम घटक व औषधे : संशोधन आणि नाशिक परिसर

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षे मेद साचत जातो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, रोहिणी बंद पडते आणि स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. बोलीत ज्याला ‘अटॅक’ म्हणतात तो हा. तो कोणाला येण्याचा संभव अधिक आहे हे आधी ओळखणे आणि तो संभव औषधाने कमी होतो का हे पारखणे, अशा दोन शोधांची ही नोंद आहे. भारतातील एकूण मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० मध्ये सुमारे १५ टक्के होता; २०१६ मध्ये तो सुमारे २८ टक्क्यांवर गेला. राज्यातल्या वैद्यकीय प्रबंधांना मान्यता देणारे विद्यापीठ नाशिकला आहे, गोळ्यांचे कारखानेही आहेत. शिवाय मालेगावचा यंत्रमाग कामगार, निफाडचा द्राक्षबागायतदार, इंदिरानगरचा नोकरदार आणि सुरगाण्याचा कोकणा शेतकरी हे सगळे याच एका जिल्ह्यातले, आणि त्यांच्या जोखमी मात्र एकसारख्या नाहीत.

जोखमीची कल्पना : वयाबरोबर रक्तदाब वाढणारच, अरुंद वाहिन्यांतून रक्त ढकलायला तो लागतोच, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ डॉक्टर मानत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब अतोनात वाढलेला होता आणि त्यावर देण्यासारखे चांगले औषध कोणाजवळ नव्हते. १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची पाहणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी तपासायचे आणि कोणाला काय होते ते लिहून ठेवायचे, एवढीच पद्धत. १९६१ मध्ये या पाहणीतून आलेल्या निबंधाने ‘जोखीम घटक’ ही संज्ञा रुळवली. वाढलेला रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांत हृदयविकार अधिक होतो, हे त्यात आकड्यांनिशी मांडलेले होते.

जोखीम हा समूहाबद्दलचा अंदाज असतो. दहा वर्षांतली जोखीम २० टक्के म्हणजे अशाच शंभर माणसांपैकी सुमारे वीस जणांना त्या काळात अटॅक येईल. त्या विसांत आपण आहोत की नाही, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ‘आमचे आजोबा रोज विडी ओढून नव्वद वर्षे जगले’ हा पारावरचा युक्तिवाद म्हणूनच खोटाही नसतो आणि कामाचाही नसतो.

आपल्याकडची जोखीम : फ्रेमिंगहॅमची माणसे बहुतेक गोरी होती. त्यांच्यावरून बांधलेले आडाखे इकडे कितपत लागू पडतात, हा प्रश्न रास्त होता. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालील ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये त्याचे उत्तर दिले. पहिला अटॅक आलेले सुमारे १५,००० रुग्ण आणि जवळपास तितकीच निरोगी माणसे यांची त्यात तुलना होती. रक्तातील मेदांचे बिघडलेले प्रमाण, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्य या नऊ गोष्टींवरून जगभरच्या पहिल्या अटॅकांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास अटॅकांचा उलगडा होतो, असे दिसले. घटक सर्वत्र तेच निघाले. वय मात्र तेच नव्हते. दक्षिण आशियातील रुग्णांत पहिल्या अटॅकचे सरासरी वय ५३ होते, इतर देशांत ते ५८ ते ५९ होते. पाच-सहा वर्षे हा फरक कागदावर लहान दिसतो; घरात मुलीचे लग्न आणि बागेचे कर्ज बाकी असताना तो लहान नसतो.

हे असे का, याचा सर्वांत महत्त्वाचा धागा नाशिकपासून दोनशे किलोमीटरांवर सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी जवळपास जशीच्या तशी टिकून होती. अंगाने बारीक आणि आतून मेदवान अशी ही ठेवण जन्मतःच दिसत होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वैद्यकीय नियतकालिकात इतके थोडक्यात इतके सांगणारे पान क्वचितच सापडते. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणली गेली आहे आणि कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरतात. ‘मी तर काडीपैलवान, मला काय होणार’ हे वाक्य या प्रदेशात सर्वांत कमी भरवशाचे.

आनुवंशिकतेचाही वाटा आहे. हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरांची गळती सुमारे चार टक्के दक्षिण आशियाई लोकांत आढळते आणि तिच्यामुळे उतारवयात हृदय निकामी होण्याची जोखीम वाढते, हे हैदराबादच्या संशोधकांनी इतरांसह २००९ मध्ये दाखवले. लायपोप्रोटीन-ए हा १९६३ मध्ये ओळखला गेलेला मेदकण आपल्यात बऱ्याच जणांत वाढलेला असतो आणि त्यावर आहाराचा फारसा परिणाम होत नाही.

तंबाखूचे मात्र आपले आपणच पाहायचे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, ओढणारे ३.८ टक्के, न ओढता घेणारे २४.४ टक्के. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा यांचा संबंध लोक तोंडाच्या कर्करोगाशी जोडतात, हृदयाशी जोडत नाहीत. इंटरहार्टच्या आकड्यांत चघळण्याच्या तंबाखूनेही अटॅकची शक्यता दुपटीहून अधिक होत होती. मालेगावच्या रात्रपाळीचाही विचार करायला हवा. पाळ्यांचे काम आणि हृदयविकार यांचा संबंध अनेक देशांतील अभ्यासांत दिसला आहे. पेठ-सुरगाण्यात वेगळाच प्रश्न उभा राहतो. गरीब वस्त्यांत लहानपणीच्या सांधेतापातून हृदयाच्या झडपा खराब होतात. त्याचे मूळ घशातल्या जंतुसंसर्गात असते आणि प्रतिबंध पेनिसिलिनच्या नियमित इंजेक्शनांनी होतो. वरचे नऊ घटक झडपांच्या या आजाराला लागू पडत नाहीत.

औषधांचा शोध : रक्तदाबावरील आधुनिक औषधांच्या इतिहासात मुंबईचे पान ठळक आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी नोंदवले होते, पण जगाने लक्ष दिले नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात मांडला आणि मग मात्र धावपळ झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पीन वेगळे काढले गेले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या औषधाने काहींना खिन्नता येते असे दिसले आणि चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या गरळावरून सुचलेले कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये वापरात आले. आज मेडिकलच्या काउंटरवर सर्रास मागितले जाणारे टेल्मिसार्टन रक्तदाब वाढवणाऱ्या त्याच संप्रेरक-साखळीवर पुढच्या टप्प्यावर काम करते. जेम्स ब्लॅक यांच्या प्रोप्रॅनोलॉलने १९६० च्या दशकात हृदयाचे ठोके आणि त्याची प्राणवायूची गरज कमी करण्याची वाट दाखवली.

कोलेस्टेरॉलच्या औषधाची कथा बुरशीत सुरू होते. जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या आणि तांदळावरच्या एका निळसर बुरशीत त्यांना हवे ते द्रव्य सापडले. उंदरांवर त्याचा काहीच परिणाम होईना. प्रकल्प बंद पडायची वेळ आली, तेव्हा अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर ते वापरले गेले आणि त्यांचे कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले. ‘स्टॅटिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वर्गातले पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. तरी कोलेस्टेरॉल उतरल्याने माणूस जास्त जगतो का, हे ठरलेले नव्हते. ४,४४४ रुग्णांच्या स्कँडिनेव्हियन चाचणीने १९९४ मध्ये ते ठरवले: सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होते. आशियाई शरीरात रोसुव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते, त्यामुळे मात्रा कमीवरून सुरू करतात.

अ‍ॅस्पिरिनची कसोटी १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत लागली. १७,१८७ रुग्णांत, अटॅक आल्याबरोबर दिलेल्या अ‍ॅस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले; गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज जोडीला दिले तर ४२ टक्क्यांनी. वेगवेगळ्या उपगटांत काय घडले ते दाखवा, असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी रुग्णांची जन्मतारखेवरून येणारी राशीही मांडली. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नाही, असे त्यातून ‘सिद्ध’ झाले. आकडे कापत गेले की काहीही निघते, हे त्यांना दाखवायचे होते. त्र्यंबकेश्वर तालुका ज्या जिल्ह्यात आहे तिथे हा विनोद समजावून सांगावा लागू नये.

कागदावर शहाणी वाटणारी किती औषधे चाचणीत उलटली, हेही सांगायला हवे. अटॅकनंतर ठोक्यांची अनियमितता दाबणारी दोन औषधे घेणारे रुग्ण जास्त मरतात, असे १९८९ मध्ये आढळले. ‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिबची चाचणी २००६ मध्ये याच कारणाने थांबवावी लागली. कधी अटॅक न आलेल्यांनी रोज अ‍ॅस्पिरिन घेण्याचा फायदा रक्तस्रावाच्या धोक्याने जवळजवळ खाऊन टाकला, असे २०१८ च्या तीन मोठ्या चाचण्यांतून दिसले. तरी शेजाऱ्याने सांगितले म्हणून ‘रक्त पातळ करायची गोळी’ सुरू करणारे आजही भेटतात. जिभेखालच्या गोळीचेही असेच. ती छातीतली कळ थांबवते, अटॅक टाळत नाही, आणि रक्तदाब आधीच उतरलेल्या माणसाला दिली तर घात करू शकते.

नाशिकचे स्थान : महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे आणि त्याचा परिसर म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यभरच्या संलग्न महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे प्रबंधाचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. रुग्णांवर उपचार पारखायचे असतील तर रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद लागते. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी ती २००९ पासून सक्तीची आहे. प्रबंधांपैकी बहुतेक एकाच रुग्णालयातले, दीड-दोन वर्षांचे, शंभर-दोनशे रुग्णांचे असतात. त्यातून औषधाचा निर्णय होत नाही, तशी अपेक्षाही नसावी. पण अटॅक आल्यावर ग्रामीण रुग्ण किती तासांनी पोहोचला, आधी ‘गॅस झाला’ म्हणून किती वेळ काढला, हे असेच प्रबंध सांगू शकतात. आणि ते बहुधा ग्रंथालयातच राहतात. शिकवणारी मोठी रुग्णालये आडगावला आणि घोटीजवळ धामणगावला आहेत. शहरात शालिमारला सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आहे. अंबडला ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचा आणि सातपूरला ग्लेनमार्कचा कारखाना आहे.

वाइनचा विषय येथे टाळता येत नाही. लाल वाइन हृदयाला चांगली, ही समजूत १९९० च्या दशकात फ्रान्सच्या आकड्यांवरून पसरली आणि द्राक्षांच्या जिल्ह्यात ती हौसेने सांगितली जाते. तिचे श्रेय ज्या रेस्व्हेराट्रॉलला देतात ते एका लिटरमध्ये काही मिलिग्रॅमच असते. मद्य कितीही कमी घेतले तरी हृदयाला हितकारक म्हणता येत नाही, असे जागतिक हृदय महासंघाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. लसूण, अर्जुनसाल यांच्याबाबत विश्वास मोठा आहे आणि चाचण्या लहान आहेत.

आजची अडचण नवे औषध नसण्याची नाही. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरमागे ३९ मिलिग्रॅमने उतरवले तर अटॅक आणि पक्षाघात सुमारे एक-पंचमांशाने घटतात. वरचा रक्तदाब १० अंकांनी उतरवला तरी जवळपास तेवढेच. ज्या गोळ्यांनी हे होते त्यांच्या पेटंटची मुदत संपून वर्षे झाली, जनऔषधी दुकानात त्या स्वस्त मिळतात. तरी २०११ च्या एका बहुदेशीय पाहणीत कमी उत्पन्नाच्या देशांतील ८० टक्के हृदयरुग्ण यांपैकी एकही औषध घेत नव्हते. अँजिओप्लास्टीला जनआरोग्य योजनेतून पैसे मिळतात, स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून मर्यादा आहे. घरी गेल्यावर ‘स्प्रिंग बसवली, आता गोळ्या कशाला’ म्हणून औषध सुटते, आणि पहिल्या काही महिन्यांत ते सुटले तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. अनेक औषधे एका गोळीत घालण्याची कल्पना यासाठीच निघाली. बंगळूरच्या संशोधकांनी २००९ मध्ये २,०५३ भारतीयांवर अशी गोळी तपासली. पुढच्या मोठ्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनसह घेतलेल्या या गोळीने हृदय व रक्तवाहिन्यांचे आघात ३१ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा संयुक्त गोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.