हातोडीच्या खुणांवर विसंबू नका

आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतली, म्हणजे यंत्राऐवजी हातकामाचा आग्रह धरणाऱ्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या इंग्लंडमधल्या चळवळीतली, धातूची भांडी जमवायला लागलेला माणूस आधी हातोडीच्या खुणा शोधतो. मठारकाम दिसलं की वस्तू हाताने घडवलेली, असं तो धरून चालतो. हा निकष अपुरा का, ते त्या काळचा इतिहास पाहिला की कळतं.

वास्तुविशारद सी. आर. ॲशबी यांनी १८८८ मध्ये पूर्व लंडनमध्ये 'गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट' हे कारागिरांचं मंडळ काढलं. तिथले बरेच कारागीर करता करताच शिकले. पत्रा राळेवर बसवून मागून पंचाने उठाव काढायचा, मग पालथा करून पुढून रेषा पक्क्या करायच्या. ठोकून ठोकून तांबं ताठर होतं. मधूनमधून ते मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करावं लागतं. ही पायरी चुकवली की पत्रा चिरतो. मठारल्याच्या खुणा मात्र ते मुद्दाम ठेवत.

ग्राहकांना हे रूप आवडतंय, हे लिबर्टी या लंडनच्या दुकानाने हेरलं. १८९९ मध्ये त्यांनी 'किमरिक' चांदी आणली, पाठोपाठ 'ट्यूड्रिक' ही कथलाच्या मिश्रधातूची भांडी. बरीचशी बर्मिंगहॅमच्या हॅझलर कारखान्यात बनत. कथील साच्यात ओतलं जाई, चांदी यंत्राने दाबली जाई, आणि हातोडीच्या खुणा कित्येकदा साच्यातूनच उमटत. किंमत अर्थातच कमी. गिल्ड १९०२ मध्ये चिपिंग कॅम्पडन या गावी हललं, तिथे ते बाजारपेठेपासून दूर पडलं, आणि १९०८ पर्यंत कंपनी मोडली. त्यामागे लिबर्टीची स्पर्धा हे एक मोठं कारण होतं.

तरीही ट्यूड्रिक दुय्यम मानू नये. लिबर्टीसाठी नमुने काढणारे आर्चिबाल्ड नॉक्स यांची त्यातली रेखाटनं अप्रतिम आहेत. फक्त ती भांडी हातकाम म्हणून विकत घेऊ नयेत. नमुन्याचा क्रमांक एकच असलेल्या दोन नगांवर प्रत्येक खूण त्याच जागी आली, तर ती साच्याची. न्यूलिन किंवा केसविक या इंग्लंडमधल्या गावांचं उठावाचं तांबं पालथं करून पाहावं: पंचाचे सुटे, कमीजास्त खोल घाव मागे दिसायला हवेत. चांदीवर शुद्धता तपासणाऱ्या शहराचा शिक्का असतो: बर्मिंगहॅमचा नांगराचा, लंडनचा बिबट्याच्या मुखाचा. गिल्डचा 'जी ऑफ एच लिमिटेड' हा ठसा १८९८ नंतरचा, कारण मर्यादित कंपनी तेव्हाच झाली.

तांब्याला चिंच-मीठ लावू नये. शंभर वर्षांत चढलेली तपकिरी झाक निघून जाते आणि किंमत कोसळते. कथलाची डागडुजी तर सवयीच्या हातांनीच व्हावी: शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि झाळताना ज्योत जरा जास्त वेळ लागली की भांड्याची कडाच खाली बसते.