कोलंबो, लेफ्टनंट

कोलंबो, लेफ्टनंट : अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘कोलंबो’ या गुन्हेमालिकेचा नायक, लॉस अँजेल्स पोलिसांच्या खूनतपास विभागातील एक काल्पनिक अधिकारी. (श्रीलंकेतील शहराची नोंद स्वतंत्र आहे.) रिचर्ड लेव्हिन्सन (१९३४–८७) व विल्यम लिंक (१९३३–२०२०) या लेखकद्वयाने हे पात्र निर्माण केले. १९६८ ते २००३ या काळात पीटर फॉक (१९२७–२०११) या अभिनेत्याने ते साकारले. लेफ्टनंट हा येथे लष्करी नव्हे, पोलिसी हुद्दा आहे. तो सार्जंटच्या वरचा व कॅप्टनच्या खालचा.

पात्राचा उगम नेमका कधीचा धरावा, याबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. लेव्हिन्सन व लिंक हे फिलाडेल्फियाचे शाळासोबती. त्यांची एक लघुकथा मार्च १९६० मध्ये ‘आल्फ्रेड हिचकॉक्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या सर्व रूपांतरांचे बीज या कथेत असले, तरी तिच्यात कोलंबो नाही. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी एनबीसी वाहिनीवरील ‘द शेव्ही मिस्टरी शो’मध्ये ‘इनफ रोप’ हे तासाभराचे नाट्य प्रक्षेपित झाले आणि त्यात लेफ्टनंट कोलंबो पहिल्यांदा दिसला. ही भूमिका बर्ट फ्रीड याने केली. त्याच कथानकाचे ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ हे रंगमंचीय नाटक १९६२ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोत आले. त्यात कोलंबोच्या भूमिकेत ज्येष्ठ अभिनेता टॉमस मिचेल आणि खुनी मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत जोसेफ कॉटन होता. मिचेलचे त्याच वर्षी डिसेंबरात निधन झाले. नाटक दौऱ्यावर फिरले, ब्रॉडवेवर मात्र गेले नाही. याच नाटकावरून केलेला दूरचित्रवाणी चित्रपट २० फेब्रुवारी १९६८ रोजी दाखवला गेला व फॉक प्रथमच या भूमिकेत आला. १९७१ मधील दुसऱ्या प्रायोगिक चित्रपटानंतर १५ सप्टेंबर १९७१ रोजी मालिका सुरू झाली. अनेक सूचींत १९७१ हेच वर्ष दिलेले आढळते. ते मालिकेचे वर्ष आहे, पात्राचे नव्हे. पात्रासाठी १९६० व त्याच्या आज परिचित असलेल्या रूपासाठी १९६८ ही वर्षे धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

पात्राच्या पूर्वसूरींबद्दलही मतभेद आहेत. डॉस्टोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीतील तपासाधिकारी पोर्फिरी पेट्रोविच आणि जी. के. चेस्टरटनचा फादर ब्राउन ही दोन नावे खुद्द लेखकांनी घेतली आहेत. ‘ले दियाबोलिक’ (१९५५) या फ्रेंच चित्रपटातील निवृत्त पोलीस अधिकारी फिशे हे तिसरे नाव काही अभ्यासक सुचवतात. फिशेशी साम्य प्रामुख्याने वेशाचे व अवचित उपटण्याच्या सवयीचे आहे. फादर ब्राउनकडून आली असावी ती नगण्य दिसण्याची कला. पोर्फिरीचे ऋण मात्र याहून खोल दिसते. रास्कोल्निकॉव्हने खून केला हे त्या कादंबरीत वाचकाला आधीच माहीत असते. पोर्फिरी त्याच्यावर लगेच आरोप ठेवत नाही. घोळून घोळून बोलतो, विषयांतर करतो, स्वतःलाच दूषणे देतो आणि समोरच्याला स्वस्थ बसू देत नाही. कोलंबोच्या बहुतेक कथांचा सांगाडा हाच आहे.

या रचनेला उलटी रहस्यकथा म्हणता येईल. तिचे जनकत्व सामान्यतः इंग्रज लेखक आर. ऑस्टिन फ्रीमन याला, विशेषतः त्याच्या १९१२ मधील ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहातील कथांना, दिले जाते. हे श्रेय गुप्तहेरकथेपुरतेच घ्यावे, कारण खुनी आधी दाखवण्याची युक्ती तिच्यापेक्षा जुनी आहे. ‘कोलंबो’च्या ठराविक भागात प्रारंभीच खून घडतो. तो कोणी, का व कसा केला आणि पुरावा कसा दडवला, हे प्रेक्षक पाहतो. नायक त्यानंतर, कधी कधी वीस मिनिटे उलटल्यावर प्रवेश करतो. त्यामुळे प्रश्न ‘कोण?’ हा न राहता ‘कोठे चुकला?’ हा होतो. या नियमाला अपवाद थोडे आहेत. एड मॅकबेनच्या कादंबऱ्यांवर बेतलेले १९९२ व १९९४ मधील दोन भाग त्यांपैकी होत. पैकी पहिल्यात खूनच नाही. ते मालिकेत उपरे वाटतात.

खुनी बहुधा धनिक व मान्यवर असतो : शल्यविशारद, वाद्यवृंदसंचालक, मद्यनिर्माता, सेनाधिकारी, बुद्धिबळपटू, लेखक. कोलंबो त्याला ‘सर’ म्हणतो, त्याच्या घराचे कौतुक करतो, वस्तूंच्या किमती विचारतो, पेन्सिल उसनी घेतो. संशय त्याला बहुधा पहिल्याच भेटीत आलेला असतो आणि तोही एखाद्या क्षुल्लक विसंगतीवरून. निरोप घेऊन दारापर्यंत गेल्यावर तो मागे वळतो आणि ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणून खरा प्रश्न टाकतो. या प्रसिद्ध लकबीचा उगम लिंकने अगदी व्यावहारिक सांगितला आहे. नाटकाचा एक प्रवेश आखूड पडला होता, कोलंबो तर निघून गेलेला. पान पुन्हा टंकलिखित करण्याचा कंटाळा आला म्हणून त्यालाच दारातून परत आणले.

तपासपद्धतीच्या कायदेशीर बाजूवर टीका झाली आहे व ती पुष्कळ अंशी रास्त आहे. शेवटी सापळा लावून मिळवलेली कबुली किंवा खुन्याचे अविचारी कृत्य न्यायालयात कितपत टिकेल, हे मालिका कधीच दाखवत नाही. अटकेबरोबर कथा संपते. तथापि एक तांत्रिक मुद्दा टीकाकारांकडून निसटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मिरांडा निर्णयानुसार (१९६६) मौन पाळण्याच्या हक्काची जाणीव करून देण्याचे बंधन पोलिसांवर आले, ते ताब्यात घेऊन केलेल्या चौकशीपुरते. कोलंबोच्या भेटी संशयिताच्याच घरी वा कचेरीत होतात आणि त्याला ‘आता निघा’ म्हणण्याची मुभा संशयिताला असते. अहंकारापोटी तो ते म्हणत नाही, एवढेच. कोलंबो क्वचितच शस्त्र बाळगतो. १९७५ च्या एका भागात तर तो नेमबाजीच्या सक्तीच्या परीक्षेला स्वतःऐवजी दुसऱ्याच पोलिसाला पाठवतो. पोलीस तपास म्हटल्यावर पथक, प्रयोगशाळा आणि शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न आठवणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हा एकांडा अधिकारी अपरिचित वाटेल.

पहिल्या नावाचा वाद : लेखकांच्या मते कोलंबोला पहिले नाव नाही. मालिकेत कोणी विचारलेच तर तो उत्तर टाळतो. परंतु १९७१ व १९७६ मधील प्रत्येकी एका भागात त्याचे पोलीस ओळखपत्र क्षणभर जवळून दिसते आणि त्यावर ‘फ्रँक कोलंबो’ अशी अक्षरे वाचता येतात. नेपथ्य विभागातील कोणीतरी रिकामी जागा भरली असावी. पडद्यावरचा पुरावा प्रमाण मानणारे ‘फ्रँक’ स्वीकारतात. लेखकांचा शब्द प्रमाण मानल्यास नाव कोरेच ठेवावे लागते. प्रस्तुत नोंदीत दुसरा मार्ग पत्करला आहे.

‘फिलिप’ हे तिसरे नाव मात्र निखालस बनावट असून त्याची हकिकत कोशकारांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. फ्रेड वर्थ याने १९७४ मधील आपल्या ‘ट्रिव्हिया एन्सायक्लोपीडिया’त कोलंबोचे पहिले नाव फिलिप असल्याची खोटी माहिती मुद्दाम पेरली. नकाशाकार चोरी पकडण्यासाठी अस्तित्वात नसलेली गल्ली दाखवतात, तसाच हा प्रकार. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या प्रश्नोत्तरांच्या खेळात हेच उत्तर आढळले. वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला. प्रतिपक्षाने त्याचा ग्रंथ वापरल्याचे नाकारले नाही. अनेक साधनांपैकी ते एक होते, एवढेच सांगितले. तथ्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो या तत्त्वावर वर्थ हरला आणि १९८७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. गमतीचा भाग असा, की ज्या माहितीमुळे उचलेगिरी उघड झाली ती तथ्य नव्हतीच.

भूमिकेसाठी आधी बिंग क्रॉस्बी व ली जे. कॉब यांचा विचार झाला होता. लेखकांना वयस्क नट हवा होता. फॉक तेव्हा चाळिशीत होता. चुरगळलेला पावसाळी कोट त्याचा स्वतःचा. न्यूयॉर्कच्या ५७ व्या रस्त्यावर पावसात सापडल्याने १५ डॉलरला घेतला, असे त्याने सांगितले आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे फॉकचा उजवा डोळा काढावा लागला होता. पात्राची तिरपी नजर त्यातून आली, पण कोलंबोचाही डोळा कृत्रिम आहे की काय, हे मालिकेने पंचवीसहून अधिक वर्षे सांगितले नाही. १९९७ च्या एका भागात ‘एकापेक्षा तीन डोळे बरे’ अशा अर्थाचे त्याचे वाक्य आहे, ते सूचक मानले जाते. प्यूजो ४०३ ही खिळखिळी उघडी मोटार आणि ‘डॉग’ याच नावाने ओळखला जाणारा बॅसेट हाउंड जातीचा कुत्रा हे त्याचे इतर सोबती. पत्नीचा उल्लेख सतत येतो, ती दिसत मात्र कधीच नाही. १९७९ मध्ये एनबीसीने तिला नायिका करून केट मलग्रू हिची वेगळी मालिका काढली. तिला लेव्हिन्सन व लिंक यांचा विरोध होता. मालिकेचे नाव वारंवार बदलले, पुढे नायिकेचे आडनावही बदलले आणि तेरा भागांनंतर ती बंद पडली.

एनबीसीवर १९७८ पर्यंत ४५ व एबीसीवर १९८९ ते २००३ या काळात २४ असे एकूण ६९ भाग झाले. १९७१ मधील नियमित मालिकेच्या पहिल्या भागाचे दिग्दर्शन तरुण स्टीव्हन स्पीलबर्गने केले होते. फॉकला या भूमिकेसाठी चार एमी पुरस्कार लाभले. दुसऱ्या पर्वाचे लेखन सामान्यतः सैल मानले जाते. जपानमध्ये मालिका १९७२ पासून एनएचके वाहिनीवर डब होऊन लोकप्रिय झाली. १९९४ मध्ये तेथे सुरू झालेली ‘फुरुहाता निन्झाबुरो’ ही मालिका उघडपणे याच घाटाची आहे. बूडापेस्टमध्ये २०१४ साली कोलंबो व त्याच्या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. तो ज्या रस्त्यावर आहे त्याला फॉल्क मिक्शा (१८२८–१९०८) या हंगेरियन राजकारणी व पत्रकाराचे नाव आहे. अभिनेता त्याचा दूरचा नातलग असल्याचे सांगितले जाते; ते सिद्ध झालेले नाही.